दुसऱ्याची चूक ही कोणाची मिळकत?

गोल्फच्या नियमांत एक कलम आहे. मॅच प्ले प्रकारात, म्हणजे जिथे लढत थेट समोरच्याशी असते तिथे, प्रतिस्पर्ध्याचा पुढचा फटका तुम्ही त्याला तो मारायला न लावताच देऊन टाकू शकता. फटकाच काय, अख्खा होल किंवा अख्खा सामनाही देता येतो. आणि एकदा दिलं की दिलं: देणाऱ्याला ते परत घेता येत नाही आणि ज्याला दिलं त्याला ते नाकारता येत नाही. साताऱ्याच्या दिवाणी कोर्टात वाटपाचे आणि बक्षीसपत्रांचे दावे चालवण्यात जिचं आयुष्य गेलं, तिला यातला शेवटचा भाग फार मोठा वाटतो. आपल्या १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२२ सांगतं की बक्षीस पुरं व्हायला घेणाऱ्याचा स्वीकार हवा, आणि तोही देणारा जिवंत असताना. ज्याला नको आहे त्याच्या पदरात दान बळेच घालता येत नाही. गोल्फमध्ये घालता येतं.

मी हे नियम वाचले ते दादामुळे. माझा थोरला भाऊ साठच्या दशकात इंग्लंडला गेला, भूलतज्ज्ञ झाला आणि लँकेशरमध्येच स्थिरावला. साउथपोर्टजवळ. तिथले सर्जन गोल्फ खेळत, म्हणून तोही शिकला. १९६९च्या सप्टेंबरात रॉयल बर्कडेलच्या मैदानावर रायडर कप झाला तेव्हा तो ड्यूटीवर होता. शेवटच्या ग्रीनवर (ग्रीन म्हणजे होलभोवतीची आखूड गवताची जागा) काय घडलं ते त्याला ऑपरेशन थिएटरबाहेर, हात धुताना कळलं. त्याने ते मला निळ्या एअरोग्रामवर लिहून कळवलं आणि खाली प्रश्न टाकला: एकत्र कुटुंबातल्या एकाने सगळ्यांची वस्तू परस्पर देऊन टाकली, तर तुमच्या कोर्टात काय म्हणतात? त्या प्रश्नावर आम्ही दोघं पुढे वर्षानुवर्षं भांडलो. आजही माझं त्याच्याशी एकमत नाही, आणि तो प्रश्न अजून मला सोडत नाही.

आधी प्रसंग नीट मांडते, कारण निवाडा त्यातल्या बारकाव्यांवर उभा आहे.

रायडर कप म्हणजे तेव्हा अमेरिका आणि ब्रिटन यांच्या व्यावसायिक गोल्फपटूंची दर दोन वर्षांनी होणारी सांघिक लढत. इंग्लंडमधल्या सेंट अल्बन्सचे सॅम्युअल रायडर यांनी भाजीच्या आणि फुलांच्या बियांची पाकिटं एकेका पेनीला विकून पैसा कमावला आणि सोन्याचा एक कप करून दिला. १९२७मध्ये पहिली लढत झाली. पण १९६९पर्यंत ती लढत नावापुरतीच उरली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला एकदाच, १९५७मध्ये, जिंकता आलं होतं. इंग्रज प्रेक्षक दर वेळी हरायच्या तयारीनेच जात. १९६९मध्ये मात्र वारं फिरलं होतं. जुलैमध्ये टोनी जॅकलिन या पंचवीस वर्षांच्या इंग्रजाने ब्रिटिश ओपन जिंकली होती, १९५१नंतर पहिल्यांदाच घरच्या माणसाने. सगळा देश त्याच्याकडे डोळे लावून बसला होता.

लढत तीन दिवसांची, १८ ते २० सप्टेंबर. ब्रिटनचे कप्तान एरिक ब्राउन यांनी आपल्या खेळाडूंना बजावलं होतं की अमेरिकनांचा चेंडू उंच गवतात हरवला तर शोधायला मदत करायची नाही. गोल्फमध्ये प्रतिस्पर्ध्याचा चेंडू शोधायला चार पावलं जाणं ही साधी माणुसकी समजली जाते, तीसुद्धा त्या आठवड्यात बंद झाली. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचे केन स्टिल आणि डेव्ह हिल आणि ब्रिटनचे ब्रायन हगेट आणि बर्नार्ड गॅलाकर यांची जोडीची लढत इतकी तापली की दोन्ही कप्तानांना मैदानात उतरून भांडण सोडवावं लागलं. दोन दिवसांअखेर गुण बरोबरीत, ८–८. शेवटच्या दिवशी सकाळी आठ आणि दुपारी आठ अशा सोळा एकेरी लढती. सकाळी जॅकलिनने जॅक निक्लॉसला सहज हरवलं. दुपारी पुन्हा तेच दोघे समोरासमोर, आणि त्यांची लढत सगळ्यात शेवटची.

निक्लॉस तेव्हा एकोणतीस वर्षांचा. जगातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांमधली सात विजेतेपदं त्याच्या नावावर होती, पण रायडर कपमध्ये तो पहिल्यांदाच खेळत होता, कारण अमेरिकी व्यावसायिकांच्या संघटनेचे सभासदत्वाचे नियम त्याच्या आड आले होते. त्या दुपारी सतराव्या होलवर जॅकलिन एकाने मागे होता. तिथे त्याने लांबचा पट बुडवला (होलकडे ढकलत मारलेल्या हलक्या फटक्याला पट म्हणतात) आणि बरोबरी साधली. गर्दीचा आरोळा इतका मोठा होता की पुढे अठराव्या ग्रीनवर असलेल्या हगेटला वाटलं जॅकलिन जिंकला. आपला पाच फुटांचा पट आत गेला की कप आपला, अशा समजुतीने त्याने तो बुडवला आणि कप्तानाच्या गळ्यात पडून रडला. प्रत्यक्षात त्याने बिली कॅस्परशी बरोबरी साधली होती. गुण झाले होते साडेपंधरा–साडेपंधरा. सगळं शेवटच्या जोडीवर आलं होतं.

अठराव्या होलवर पहिला फटका मारून दोघे निघाले. जॅकलिन पुढे होता. निक्लॉसने त्याला हाक मारून थांबवलं आणि विचारलं, दडपण आलंय का? जॅकलिनने लपवलं नाही. जीव मुठीत आलाय असं त्याने सांगितलं. निक्लॉस म्हणाला, माझीही तीच गत आहे. या दोन वाक्यांकडे सहसा कोणी फार लक्ष देत नाही. मला मात्र सगळ्या प्रकरणाचं मूळ तिथे दिसतं.

दोघांचेही चेंडू दोन फटक्यांत ग्रीनवर पोचले. जॅकलिनचा लांबचा पट होलच्या दोनेक फूट अलीकडे थांबला. त्याने आपल्या जागी खूण म्हणून मार्कर ठेवला. निक्लॉसचा पट होलच्या पुढे चार-पाच फूट गेला. आता निक्लॉसने आपला पट चुकवला तर जॅकलिनला दोन फुटांवरून जिंकायची संधी, आणि कप ब्रिटनकडे. निक्लॉसने वेळ घेतला. पट आत गेला. त्याने होलमधून आपला चेंडू उचलला, आणि त्याच वाकण्यात जॅकलिनचा मार्करही उचलून त्याच्या हातात दिला. तू तो चुकवला असतास असं मला वाटत नाही, पण अशा वेळी तशी पाळी मी तुझ्यावर येऊ देणार नाही, असं काहीसं तो बोलला. सामना बरोबरीत, लढतही बरोबरीत, १६–१६. रायडर कपच्या इतिहासातली पहिली बरोबरी. मागचा कप अमेरिकेने १९६७मध्ये जिंकला असल्यामुळे तो नियमाप्रमाणे त्यांच्याकडेच राहिला.

अमेरिकेचे कप्तान सॅम स्नीड यांना हे अजिबात आवडलं नाही. आपण इथे जिंकायला आलो होतो, चांगुलपणा दाखवायला नव्हे, असं त्यांचं म्हणणं. काही अमेरिकी खेळाडूंचंही तसंच. दादा आजन्म स्नीडच्या बाजूचा. त्याचं म्हणणं असं की निक्लॉसने जे दिलं ते त्याच्या एकट्याचं नव्हतं. बारा जणांनी तीन दिवस घाम गाळून मिळवलेल्या गुणांतला अर्धा गुण त्याने परस्पर उदार होऊन वाटून टाकला.

स्नीडच्या हरकतीला मी कधीच हलकं लेखलेलं नाही. ती हरकत आपल्याकडे नऊशे वर्षांपूर्वी नोंदलेली आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वरांनी याज्ञवल्क्यस्मृतीवर मिताक्षरा लिहिली, आणि आमच्या भागातल्या हिंदू कुटुंबांची मिळकत इंग्रजी अमलातही तिच्याच आधाराने ठरत आली. तिचा गाभा असा की एकत्र कुटुंबाची मिळकत सगळ्यांची असते आणि एकट्याला ती देऊन टाकता येत नाही. नारदस्मृतीत न देण्याजोग्या वस्तूंची यादीच आहे: गहाण आलेली, उसनी आणलेली, ठेव म्हणून विश्वासाने ठेवलेली, आणि सगळ्यांच्या सामाईक मालकीची. दानासारख्या पुण्यकर्मालाही तिथे आडकाठी आहे. आपल्या परंपरेने दानाचं एवढं माहात्म्य गायलं, पण दुसऱ्याच्या वाट्यातून केलेलं दान तिने पुण्य मानलं नाही. याचा मला मनापासून आदर वाटतो.

मिताक्षरेत अपवादही आहे. स्थावराच्या बाबतीत सांगितलंय की संकटकाळी, कुटुंबासाठी आणि विशेषतः धर्मासाठी एकटा सभासदही सामाईक मिळकतीची विल्हेवाट लावू शकतो. मी पहिल्यांदा दादाला हेच लिहिलं असतं: निक्लॉसने धर्मार्थ दिलं. पण विज्ञानेश्वर लगेच अट घालतात. बाकीचे सभासद अज्ञान असतील, संमती द्यायच्या स्थितीत नसतील, तेव्हा हा अपवाद. निक्लॉसचे सोबती ग्रीनच्या कडेला उभे होते, सज्ञान, शुद्धीवर, आणि त्यांचा कप्तान त्यांच्यातच. त्यांना कोणी विचारलं नाही. या मुद्द्यावर स्नीडची बाजू पक्की आहे आणि मी ती दादाला सोडून दिली.

पण दाव्यात आधीचा एक मुद्दा असतो. वाटणी कशाची, ते आधी ठरवावं लागतं. दिलेली वस्तू मिळकत होती का?

निक्लॉसचा पट होलमध्ये गेला त्या क्षणी अमेरिकेच्या हातात काय होतं ते पाहा. बरोबरी निश्चित होती. म्हणजे कप निश्चित होता. उरलं होतं ते एवढंच: जॅकलिन दोन फुटांवरून चुकला तर अमेरिका साडेसोळा–साडेपंधराने निर्भेळ जिंकणार. स्नीड ज्याला आपलं म्हणत होते ती वस्तू ही, की जॅकलिनचा हात थरथरावा. तो थरथरेल ही शक्यता. आमच्या त्याच १८८२च्या कायद्याचं कलम ६ म्हणतं की वारसा मिळेल अशी निव्वळ आशा ही मिळकत नव्हे. ती विकता येत नाही, देता येत नाही. काका निपुत्रिक वारतील आणि शेत आपल्याकडे येईल अशी वाट बघणाऱ्या पुतण्याकडे त्या वाट बघण्याचा सातबारा नसतो. दुसऱ्याच्या चुकीची वाट बघणं तर त्याहून विरळ. माझ्या कष्टातून जे येतं ते माझं, माझ्या घराचं, माझ्या संघाचं. समोरच्याने चुकावं ही अपेक्षा कष्टातून येत नाही. ती कोणी मिळवलेली नसते. म्हणून निक्लॉसने संघाचं काही दिलं असं मी मानत नाही. संघाचं जे होतं ते त्याने पाच फुटांवरून स्वतः राखलं होतं.

दादाने यावर मला स्नीडचा एक जुना प्रसंग लिहून पाठवला, आणि त्याला वाटलं तो माझ्याविरुद्ध जाईल. १९४७च्या यूएस ओपनमध्ये सेंट लुइसला स्नीडने शेवटच्या होलवर अठरा फुटांचा पट बुडवून ल्यू वर्शमशी बरोबरी गाठली. दुसऱ्या दिवशी अठरा होलांचा निर्णायक सामना. अठराव्या ग्रीनवरही बरोबरी. दोघांचे चेंडू होलपासून अडीच फुटांच्या आसपास. स्नीड पट मारायला उभा राहिला, काठी चेंडूमागे ठेवली, आणि वर्शमने थांबवलं: आधी कोणाची पाळी, अंतर मोजू या. मोजपट्टी आणली गेली. स्नीडचा चेंडू साडेतीस इंचांवर, वर्शमचा साडेएकोणतीस. पाळी स्नीडचीच होती. तो पुन्हा उभा राहिला आणि चुकला. वर्शमने आपला बुडवला. स्नीडने पुढे कितीतरी स्पर्धा जिंकल्या, पण यूएस ओपन त्याला कधीच मिळाली नाही.

मोजायला सांगणं नियमात बसत होतं. दादाचं म्हणणं, बघ, खेळ असाच असतो, स्नीडने ते सोसलं आणि तक्रार केली नाही. मग त्याला चांगुलपणाचे धडे का द्यायचे? मला यातून उलट दिसतं. साडेतीस इंचांचा पट माणसाच्या आयुष्यातून काय काढून घेऊ शकतो हे बर्कडेलच्या त्या ग्रीनवर सगळ्यांत जास्त कोणाला माहीत असेल तर स्नीडला. तो पट चुकू शकतो हे ठाऊक होतं म्हणूनच त्याला तो हवा होता. त्याला वाईट माणूस म्हणायला मी तयार नाही. ज्याच्यावर कोणी कधी दया केली नाही त्याला दुसऱ्यावर केलेली दया महाग वाटते.

मग जे दिलं ते मिळकत नव्हती तर काय होतं? माझ्या मते ते अभय होतं. सांगलीकडच्या जैन घरांत आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दानं लहानपणापासून सांगतात, आणि त्यांतलं शेवटचं सगळ्यांत मोठं मानतात. संन्यास घेणारा माणूस सर्व भूतांना अभय देऊन घराबाहेर पडतो. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना सुरू होते ती अभयापासून. अभय ही काही तिजोरीतून काढून द्यायची वस्तू नव्हे. माझ्याकडून तुला भीती नाही, एवढंच ते असतं. अठराव्या होलकडे चालताना निक्लॉसने विचारलं तेव्हा जॅकलिनने आपली भीती त्याच्यासमोर उघडी केली होती. ती आता त्याच्याकडे विश्वासाने आलेली होती. समोरच्याने विश्वासाने सांगितलेल्या भीतीवर आपला विजय उभा करायचा की नाही, हे ठरवायचा अधिकार निक्लॉसला होता आणि त्यात संघातल्या कोणाचा हिस्सा नव्हता, कारण ती भीती दुसऱ्या कोणाला सांगितलेलीच नव्हती.

इथे गीता उलटीही फिरवता येते, आणि दादाने ती फिरवली. करुणेपोटी शस्त्र टाकणाऱ्या अर्जुनाला कृष्णाने गौरवलं नाही. दुबळेपणा म्हणून झिडकारलं. खरं आहे. म्हणूनच त्या ग्रीनवरचा क्रम इतका महत्त्वाचा. निक्लॉसने आपला पट होलमध्ये टाकण्याआधी जॅकलिनला काही देऊ केलं असतं तर ते अर्जुनाचं गांडीव टाकणं झालं असतं. तो पाच फुटांच्या पटावर वाकला, तेव्हा त्याच्यावरही तेच दडपण होतं, त्यानेच तसं सांगितलं होतं. त्याने आपलं काम पूर्ण केलं. उरलं होतं ते दुसऱ्याचं काम. कर्तव्य संपल्यावर मग हात पुढे केला. आधी दिलेली दया कर्तव्यातली कसर लपवू शकते; नंतर दिलेल्या दयेला ते शक्य नसतं.

तरी एक टोचणी राहते. निक्लॉसचं दान स्वस्त होतं. कप सुरक्षित होता. माझा एक पक्षकार आठवतो, माणदेशातला. तिघे भाऊ आणि समोर चुलतभाऊ. भांडण विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं. खालच्या कोर्टात आम्ही जिंकलो. चुलतभावाचं अपील मुदतीत आलं नाही, कावीळ होऊन तो अंथरुणाला खिळला होता. मग विलंब माफीचा अर्ज आला आणि त्यावर आमचा से, म्हणजे लेखी म्हणणं, द्यायचा होता. धाकटे दोघे म्हणाले, वकीलबाई, जोरदार हरकत घ्या, अपील दारातच पडू द्या. थोरला म्हणाला, तो आजारी होता हे मला ठाऊक आहे, मग नाही म्हणून मी लिहून कसं देऊ? त्याने वेगळा से दिला, फक्त आपल्यापुरता: हरकत नाही. धाकट्यांची हरकत त्यांच्या नावाने गेली. कोर्टाने विलंब माफ केला, अपील चाललं आणि आठवड्यातली एक पाळी चुलतभावाकडे गेली. एक पाळी म्हणजे उन्हाळ्यात उसाच्या दोन सऱ्या वाळणं. धाकटे दोघे त्यानंतर थोरल्याच्या पंगतीला बसले नाहीत.

त्या शेतकऱ्याचं देणं निक्लॉसच्या देण्याहून मोठं होतं, यात मला शंका नाही. ते महागात पडलं, आणि त्याने भावांच्या हिश्शाला हात न लावता सही फक्त आपल्यापुरती केली. निक्लॉसला तशी सोय नव्हती. अर्धा गुण बारा ठिकाणी फोडता येत नाही. पण स्वस्त दान म्हणून ते खोटं ठरवायला माझं मन घेत नाही. स्वस्तातलं अभयसुद्धा किती जणांकडून येतं? २०१५च्या सोल्हाइम कपमध्ये, म्हणजे स्त्रियांच्या अशाच लढतीत, जर्मनीतल्या सेंट लिऑन-रॉटला अमेरिकेच्या ॲलिसन लीने दीडेक फुटांचा पट सोडला गेला असं समजून चेंडू उचलला. युरोपच्या सुझान पेटरसनने सांगितलं, आम्ही तो दिलेला नाही. नियमाने ते बरोबर होतं आणि होल युरोपला मिळाला. त्याच दिवशी अमेरिकेने मोठी पिछाडी भरून काढून कप नेला, आणि त्यानंतर पेटरसनने जाहीर माफी मागितली.

आता जॅकलिन. ज्याला दान नाकारता येत नाही त्याच्या बाजूने कोणी बोलायचं? आपल्या धर्मशास्त्रात हा वाद जुना आहे. बंगालमधल्या दायभागाचे कर्ते जीमूतवाहन म्हणतात, देणाऱ्याने सोडलं की घेणाऱ्याची मालकी झाली. मिताक्षरेला स्वीकार लागतो. गोल्फचा नियम जीमूतवाहनांच्या बाजूचा. मला त्यात पहिल्यांदा जुलूम दिसे: दोन फुटांवरून देशासमोर आपलं धैर्य दाखवायची संधी त्या तरुणाकडून काढून घेतली गेली. पण धैर्य त्या एका पटात साठवलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, जून १९७०मध्ये, जॅकलिनने मिनेसोटातल्या हेझल्टीनवर यूएस ओपन सात फटक्यांच्या फरकाने जिंकली. आणि स्वीकाराची अट नसणं हेही मला आता दयाळूपणाचं वाटतं. भ्यालेल्या माणसाला अभय घेतोस का असं विचारून त्याच्याकडून होकार घेतला, तर तो होकार त्याच्या मानेवर बसतो. इथे त्याला काहीच म्हणावं लागलं नाही.

त्यानंतर महिन्याभरात, जुलै १९७०ला, सेंट अँड्र्यूजच्या जुन्या मैदानावर डग सँडर्स ब्रिटिश ओपनच्या शेवटच्या ग्रीनवर तीनेक फुटांच्या पटावर उभा होता. तो आत गेला की अजिंक्यपद. पटाच्या रेषेवरचं काहीतरी उचलायला तो वाकला, पुन्हा उभा राहिला आणि चुकला. दुसऱ्या दिवशीच्या निर्णायक फेरीत त्याला एका फटक्याने हरवलं ते निक्लॉसने. तिथे निक्लॉस तो पट सोडू शकत होता का? नाही. ती स्ट्रोक प्ले स्पर्धा होती. तिथे प्रत्येकाची लढत मैदानावरच्या सगळ्यांशी असते, आणि एकाने दुसऱ्याला दिलेली सवलत म्हणजे बाकीच्या सगळ्यांच्या हिश्शातून काढलेली. म्हणून तिथे फटका देण्याची मुभाच नाही. नारदाची यादी गोल्फच्या नियमांनी इथे जशीच्या तशी पाळली आहे.

मी दादाकडे एकदा गेले होते तेव्हा त्याने मला बर्कडेलला नेलं. वाळूच्या टेकड्या आणि त्यांच्या मधल्या खोलगट भागांतून गेलेली हिरवी फेअरवे, पलीकडे समुद्राचा वारा, आणि अठराव्या ग्रीनमागे १९३५चं पांढरं क्लबहाउस, एखादी बोट वाळूत आणून उभी केल्यासारखं. ग्रीनच्या कडेला उभं राहून दादाने त्याचा शेवटचा आणि सगळ्यात धारदार प्रश्न विचारला: मग १९९१ला हेल आयर्विनने बर्नहार्ड लँगरचा पट का सोडला नाही? तुझ्या न्यायाने सोडायला हवा होता.

साउथ कॅरोलायनातल्या किआवा बेटावर तो कप इतका कडवट झाला होता की वर्तमानपत्रांनी त्याला युद्धाचं नाव दिलं. तेव्हा युरोप एकत्र खेळत असे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या संघात बाकीचा युरोप घ्यावा, नाहीतर या लढतीत जीव राहणार नाही, हे लॉर्ड डर्बींना सुचवणारा निक्लॉसच होता, आणि १९७९पासून तसं झालंही. किआवाला शेवटच्या जोडीपर्यंत अमेरिका १४, युरोप १३. लँगरने सहा फुटांचा पट बुडवला तर सामना त्याचा, लढत १४–१४ आणि कप युरोपकडेच. चुकला तर कप अमेरिकेचा. तो चुकला.

मी दादाला म्हणाले, आयर्विनने सोडला नाही तेच योग्य. आधी अंतर बघ: सहा फूट हा पट अजून मारायचा आहे, दोन फुटांचा जवळजवळ मारून झालेला असतो. पण खरा फरक अंतराचा नाही. बर्कडेलला निक्लॉस वाकला तेव्हा संघाचं सगळं देणं फेडून झालं होतं. किआवाला आयर्विनने हात पुढे केला असता तर कपच दिला असता, आणि कप अकरा जणांचाही होता. तिथे नारदाची यादी लागू होते. लँगरची भीती निक्लॉसने पाहिलेल्या भीतीहून कमी नव्हती. तो नेमाने प्रार्थना करणारा, श्रद्धावान ख्रिस्ती माणूस, आणि त्या क्षणाचा सगळा भार त्याने एकट्याने उचलला. त्याला अभय द्यायला त्या ग्रीनवर आयर्विनकडे आपलं असं काही नव्हतं.

दादा म्हणाला, म्हणजे निक्लॉसचं नशीब चांगलं, की त्याच्याकडे होतं.

हो, म्हटलं, तेवढं नशीब लागतंच. आणि ते असताना मार्कर उचलायला वाकणारा माणूसही लागतो.